हे आमचं अंजन नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याच्या सुटीत मुलांच्या हाती द्यावीत अशा जंगलावरच्या आणि नदीनाल्यांवरच्या पुस्तकांची यादी आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचली. मी चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावी, ‘क’ वर्ग सार्वजनिक वाचनालयात २६ वर्षांपासून ग्रंथपाल आहे. पुरवणी हातात धरूनच कपाटाशी गेले आणि एकेक नाव ताडून पाहिलं. निम्म्याहून जास्त पुस्तकं आमच्याकडे निघाली. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ आहे, व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ आहे, मारुती चितमपल्लींची तर सात आहेत. त्यातलं ‘पक्षी जाय दिगंतरा’ दोनदा बांधून घ्यावं लागलं, इतकं ते फिरतं. खेड्यात कोणी वाचत नाही असं म्हणणाऱ्यांनी आमची देवघेव नोंदवही येऊन बघावी.

नंतर खुर्चीवर येऊन बसले. माझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून सातपुडा दिसतो. पावसाळ्यात निळा, आणि आता वैशाखात भाजलेल्या विटेच्या रंगाचा. यादीतल्या पुस्तकांमध्ये तो कुठेच नव्हता. नवेगाव होतं, नागझिरा होता, कोकण होतं, सह्याद्रीचे घाट होते. मेळघाट होता, तोही सातपुडाच. पण तिथली माणसं कोरकू, तिथली नावं वेगळी. पाल, यावल, अनेर, तोरणमाळ, अक्कलकुव्याकडचे डोंगर यांवरचं एकही पुस्तक यादीत नाही आणि आमच्या कपाटातही नाही. त्यावरून हे पत्र लिहायला बसले. एका वाचकाची हकीकत सांगायची आहे, म्हणून थोडं लांबेल.

वनखात्याच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर काम करत म्हातारे झालेले एक पावरा आदिवासी गृहस्थ आमचे सभासद होते. डोंगरातल्या पाड्यावरून दर बाजाराच्या दिवशी खाली यायचे, मीठ-तेल घ्यायचे आणि जाताना वाचनालयात डोकवायचे. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणायचो, ते मला ताई. शिक्षण सातवीपर्यंत. पहिल्या दिवशी दारातच उभं राहून त्यांनी विचारलं होतं, “झाडेस्नं पुस्तक शे का, ताई?” मी झाडांची माहिती देणारं एक जाड पुस्तक काढून दिलं. पुढे चौदा-पंधरा वर्षं तेच पुस्तक ते नेत राहिले. दुसरीही नेली, पण दोन-तीन महिने गेले की पुन्हा तेच.

एकदा पुस्तक परत घेताना मी पानं चाळली आणि मला रागच आला. समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं. आमच्याकडे पुस्तकात लिहिलं तर दंड आहे, भिंतीवर तशी पाटी आहे. बाबांना म्हटलं, “हे काय केलं तुम्ही?” त्यांनी पुस्तक माझ्याकडून घेतलं, ‘अंजन’ असं शीर्षक असलेलं पान उघडलं आणि बोट ठेवलं. चित्राशेजारी बारीक, सरळ, शाळेत गिरवलेल्या अक्षरात ओळ होती: “हे आमचं अंजन नव्हे. आमच्याचं पान जोडीचं, लहान. बकरी खाते. लाकूड लोखंड.”

पुढच्या बाजाराला त्यांनी पिशवीतून एक डहाळी आणली. तेव्हा मी प्रथम नीट पाहिलं. लग्न होऊन या गावात आल्यापासून रोज पाहत होते ते झाड. देठाशी जुळलेली दोन पानं, आपट्याच्या पानासारखी, पण त्याहून कितीतरी लहान. टोकाची कोवळी पानं तांबूस. आणि पुस्तकातल्या चित्रात? एकेकटं जाड पान आणि फांदीलाच चिकटलेले निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ. ती सह्याद्रीतली अंजनी. महाबळेश्वरकडे तिलाही अंजन म्हणतात. लेखकाचं काही चुकलं नव्हतं, त्याने त्याचं अंजन लिहिलं होतं. आमचं अंजन ते नाही, एवढंच. आमचं अंजन कोरड्या, खडकाळ डोंगरावर वाढतं. त्याचं लाकूड देशातल्या सगळ्यात कठीण आणि जड लाकडांमध्ये मोडतं, सालीचे दोर वळतात, आणि दुष्काळात सगळं रान वाळलं तरी त्याच्या डहाळ्या तोडून गुरांना घालता येतात. खान्देशात ज्याच्या जिवावर दुष्काळातली जनावरं तगली, ते झाड खान्देशातल्या मुलाने पुस्तकात शोधलं तर त्याला दुसरंच झाड सापडतं.

बाबांना दंड केला नाही. उलट टोक काढलेली पेन्सिल दिली.

त्यांनी लिहिलेलं आता जेवढं आठवतं तेवढं सांगते. पळसाच्या पानावर: “खाखरा. पत्रावळी. मुळाची दोरी होते.” मोहाच्या पानावर: “महुडा. फूल पहाटे पडतं. अस्वलाच्या आधी जावं.” टेंभुर्णीला टेमरू. कांडोळच्या पानावर, तिथे पुस्तकात पांढऱ्या खोडाचं सुंदर वर्णन होतं, त्याखाली: “कढई. डिंक. एका झाडाला फार घाव घालू नये, मरतं.” पुस्तकात डिंकाचे उपयोग अर्धं पान भरून होते, औषधं, मिठाई, काय काय. घाव किती घालावे हे मात्र नव्हतं. ते फक्त समासात होतं.

पुस्तकाच्या शेवटी दोन कोरी पानं असतात. तिथे त्यांनी नाला काढला होता. पाड्यापासून आमच्या गावापर्यंत उतरणारा, वळणावळणांचा. प्रत्येक वळणावर नाव. कुठे उंबराच्या नावाचा झिरा, कुठे डोह, कुठे अस्वल पाणी प्यायला यायचं ती जागा, कुठे बायका मार्गशीर्षापर्यंत धुणं धुवायच्या तो खडक. अकरा नावं होती. सरकारी नकाशात तो सगळा नाला म्हणजे नाव नसलेली एक निळी रेघ आहे.

या नाल्यामुळेच बाबांना कधी कधी पुस्तक परत करायला उशीर व्हायचा. श्रावणात नाल्याला पूर आला की दोन-दोन बाजार चुकायचे. मग ते आल्या आल्या खिशातून सुटे पैसे काढून टेबलावर ठेवायचे, कारण विलंब शुल्क रोज ५० पैसे आहे हे त्यांना पाठ होतं. मी नोंदवहीत ‘पूर’ असा शेरा मारून शुल्क माफ करायचे. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा विचारलं, हे काय? मी खिडकीतून डोंगर दाखवला.

त्या कोऱ्या पानावर, डोंगर संपून सपाटी लागते तिथे, बाबांनी नाल्याच्या रेघेऐवजी नुसते ठिपके दिले होते आणि लिहिलं होतं, “इथे पाणी बुडतं. खाली विहिरीत निघतं.” मी पुढे कितीतरी वर्षांनी एका शेतकरी मेळाव्यात भूजलाच्या माणसांकडून हेच ऐकलं. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा एक जाड पट्टा आहे, त्याला ते बजाडा म्हणतात. डोंगरातून आलेले नाले त्यात शिरतात आणि मुरतात. चोपडा, यावल, रावेरच्या केळीच्या बागा ज्या विहिरींवर उभ्या राहिल्या, त्यांना पाणी तिथून मिळतं. माझ्या सासऱ्यांच्या विहिरीला एके काळी साठ फुटांवर पाणी होतं. आता त्याच वावरात बोअर चारशे फुटांच्या खाली गेली आहे. वरचं रान विरळ झालं, पट्ट्यातली वाळू-गोटे उचलले गेले आणि खालून उपसा वाढतच गेला. रोपवाटिकेत खड्डे खणणाऱ्या माणसाला जे दिसत होतं, ते आमच्या गावातल्या एकाही शिकलेल्या माणसाने लिहून ठेवलं नाही. मीही नाही.

झऱ्यावरची मराठीतली सगळ्यात गाजलेली कविता आमच्याच खान्देशातल्या माणसाची आहे. बालकवी धरणगावचे, तापीच्या पलीकडचे. २८ वर्षंही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, ५ मे १९१८ रोजी, भादली स्टेशनजवळ रुळांवर त्यांचा अंत झाला. त्यांची ‘निर्झरास’ मी शाळेतल्या मुलांना दरवर्षी पावसाळ्यात वाचून दाखवते. त्या झऱ्याला गाव नाही, आणि कवितेला त्याची गरजही नाही. पण मुलं ऐकतात आणि विचारतात, हा झरा कुठला? तेव्हा त्यांना त्यांचा स्वतःचा झरा दाखवता यावा, नावानिशी दाखवता यावा, असं मला फार वाटतं. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी ज्यांनी ऐकली त्यांनी टिपून ठेवली, म्हणून १९५२ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं आणि आज आपल्याला त्यांचं शेत, त्यांचं पीकपाणी, त्यांचा शब्द वाचायला मिळतो. टिपलं नसतं तर?

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला जड जातं.

२०१९ मध्ये मुलीच्या बाळंतपणासाठी मी दोन महिने नाशिकला होते. त्या काळात वाचनालयातल्या जीर्ण पुस्तकांचं निर्लेखन झालं आणि ती रद्दीत गेली. त्यात ते पुस्तक होतं. कोणाचाही दोष नाही. यादी मीच आधी करून ठेवली होती, आणि त्या पुस्तकाच्या दाखल क्रमांकापुढे “पाने सुटी, वापरास अयोग्य” हा शेरा माझ्याच अक्षरात आहे. नियमाप्रमाणे तो बरोबरच होता. बांधायला टाकायचं म्हणून बाजूला काढून ठेवीन असं मनात होतं, ते राहून गेलं. परत आल्यावर कळलं तशी रद्दीवाल्याकडे धावत गेले. माल केव्हाच कारखान्यात गेला होता. बाबा वारले त्याला तेव्हा एक वर्ष झालं होतं.

नंतर मला वाटलं, ही नावं कुठेतरी सरकारदरबारी असतीलच. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने समिती नेमून गावातल्या झाडाझुडपांची, प्राण्यांची, पिकांच्या वाणांची आणि लोकांना त्यांबद्दल जे ठाऊक आहे त्याची लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. कायदा फार चांगला आहे, माझ्या मनासारखा. आमच्या भागातल्या एका ग्रामपंचायतीत मी ती वही पाहायला मागितली. सुबक होती, संगणकावर छापलेली, बांधणी पक्की. उघडून अंजन शोधलं. समोर लिहिलं होतं, फुले जांभळी, गुच्छात. कोणीतरी खोलीत बसून पुस्तकातून उतरवून घेतलं होतं. बहुधा त्याच पुस्तकातून. त्या गावात अंजनाखाली शेळ्या बांधणारी दहा तरी घरं असतील, त्यांतल्या एकालाही विचारलेलं नव्हतं.

एवढ्याने काय बिघडतं, असं कोणी म्हणेल. चुकीच्या चिठ्ठीने काय बिघडतं याचं उदाहरण खान्देशातच आहे. रानपिंगळा. लहानसं घुबड आहे ते, पण दिवसा वावरणारं. १८७३ मध्ये ह्यूम या पक्षितज्ज्ञांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे १८८०च्या दशकात जेम्स डेव्हिडसन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने शहादा-तळोद्याकडून त्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर तो कोणाला दिसला नाही. सालिम अलींसारख्यांनी शोधूनही सापडला नाही, नामशेष झाला असंच धरलं गेलं. मधल्या काळातली एकच नोंद होती, १९१४ ची, गुजरातमधली. पुढे पामेला रासमुसेन या पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयातले नमुने तपासले तेव्हा उघड झालं, की तो १९१४ चा नमुना खोटा आहे. माइनर्ट्झहागेन नावाच्या माणसाने डेव्हिडसनचाच जुना नमुना लंडनच्या संग्रहालयातून चोरला होता, त्याला दुसरं ठिकाण आणि दुसरं साल लिहिलेली चिठ्ठी बांधली होती. त्या एका चिठ्ठीने शोधणाऱ्यांना भलत्या जागी पाठवलं. खोटी नोंद बाजूला सारून रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी जुन्या खऱ्या ठिकाणांवर गेले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी.

मी ही हकीकत बाबांना वाचून दाखवली होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, दिवसा उघड्या झाडावर बसतो, शेपटी इकडून तिकडे हलवतो, तोच ना? पुढे मी एका पक्ष्यांच्या पुस्तकात वाचलं, रानपिंगळ्याची ओळख अशीच सांगितलेली आहे.

चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी गेले. त्यांच्या पुस्तकांचं मोल माझ्यासारखीला काय करता येणार, पण एक गोष्ट मी वाचकांना नेहमी दाखवते. ते वनाधिकारी होते, तरी शब्द विचारायला ते रानातल्या माणसांपाशी बसले. कावळ्यांच्या वसाहतीला काकागार आणि बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार असे शब्द त्यांच्यामुळे मराठी वाचकाच्या ओळखीचे झाले. विदर्भाच्या रानाला असा माणूस मिळाला. आमच्या बाजूच्या रानाला तो अजून मिळायचा आहे. तोवर पावरा, भिल, तडवी, बारेला, कोकणा घरांमधली जुनी माणसं एकेक करून चालली आहेत, आणि त्यांची नातवंडं आश्रमशाळेत पुस्तकातली नावं पाठ करताहेत.

म्हणून संपादक महोदय, माझी विनंती आहे. आपल्या पुरवणीत दर आठवड्याला चार बोटं जागा द्या. त्यात धुळे, जळगाव, नंदुरबारच्या वाचकांनी एका झाडाचं, एका पक्ष्याचं, एका नाल्याच्या वळणाचं नाव पाठवावं. कोणत्या गावचं, कोणत्या बोलीतलं, कोणी सांगितलं आणि त्याचं काय करतात, एवढं सोबत असलं की पुरे. चारपाच वर्षांत पुस्तक होईल. आणि लेखकांनी ते पुस्तक लिहिताना पावरी, भिली, अहिराणी नावं कंसात किंवा तळटीपेत टाकू नयेत, मराठी नावाच्या बरोबरीने ओळीत घ्यावीत. मुलांना आपल्या आजीचा शब्द छापलेला दिसू द्या.

माझ्या ग्रंथपाल भावाबहिणींनाही सांगायचं आहे. निर्लेखनाची यादी करताना प्रत्येक पुस्तकाचे समास आणि शेवटची कोरी पानं एकदा उलटून पाहा. त्याला एका पुस्तकाला दोन मिनिटं लागतात. आमच्या वाचनालयात आता निसर्गाच्या कपाटापाशी दोनशे पानी वही सुतळीने टेबलाच्या पायाला बांधून ठेवली आहे. पहिलं पान मी भरलं, बाबांची आठवली तेवढी नावं. झाडांची एकोणीस झाली, नाल्याच्या अकरांपैकी चारच. बाकीची वही मुलं भरताहेत. एकाच झाडाची दोन पाड्यांवरून दोन नावं आली तेव्हा कोणतं खरं म्हणून वाद झाला. मी दोन्ही ठेवली.

देवघेव नोंदवही मात्र जपून ठेवलेली आहे. ते पुस्तक बाबांखेरीज आणखी तेरा जणांनी नेलेलं दिसतं. त्यांच्यापैकी सहा जणांना मी गेल्या वर्षभरात भेटून आले. पाच जणांना पेन्सिलीचं आठवत होतं, मजकूर आठवत नव्हता. सहावा मुलगा आता बी.एस्सी. कृषी करतो. त्याने बराच वेळ मोबाईलमध्ये जुने फोटो शोधले. शाळेच्या प्रकल्पासाठी काढलेलं एक पान निघालं, तिरपं, अंगठ्याची सावली पडलेलं. कढईचं पान होतं. मोठं करून पाहिलं, खाली अक्षर लागत होतं: “फार घाव घालू नये, मरतं.”

उरलेले सात जण शिक्षणासाठी, नोकरीसाठी गाव सोडून गेले आहेत, काही पुण्याला आहेत, एक सुरतेला आहे असं कळतं. २००४ ते २०१९ या काळात आमच्या वाचनालयातून ते जाड, हिरव्या कापडी बांधणीचं झाडांचं पुस्तक ज्यांनी नेलं असेल आणि ज्यांच्याकडे त्याच्या एखाद्या पानाचा फोटो किंवा उतरवून घेतलेला कागद असेल, त्यांनी कृपा करून वाचनालयाशी संपर्क साधावा. शेवटच्या कोऱ्या पानाचा असेल तर लगेच.

आपली,
एक ग्रंथपाल,
चोपडा तालुका, जि. जळगाव